ओल्डरॉयडांची बिनभाड्याची खोली

हॅगस्वर्थ रग्बी क्लबचा मी सव्वीस वर्षं सचिव होतो आणि त्याबद्दल एक पैसा घेतला नाही. आमच्या गावात हे मुद्दाम सांगण्यासारखं नाही. खेळाडू आणि प्रशिक्षक सोडले तर क्लबात पगार कोणालाच नव्हता. तिकीट फाडणारा, गवत कापणारा, चहाच्या बायका, सगळे हौसेचे. कोळशाची खाण बंद पडल्यावर गावाकडे आपलं म्हणावं असं ते एकच उरलं होतं.

२००१ साली साखळी सामने संपले तेव्हा आम्ही सहावे होतो. पहिले सहा क्लब पुढच्या फेरीत जाणार होते. आमच्या पाठोपाठ सातवा होता अकरा मैलांवरचा ब्रॅकनशॉ, फक्त एका गुणानं मागे. त्यांचा अध्यक्ष डेनिस क्राउदर. सोफ्यांचा मोठा कारखाना होता त्याचा, पैशाला तोटा नव्हता. पण लीगचा नियम असा की कुठल्याही क्लबनं वर्षभरात खेळाडूंवर ठरलेल्या रकमेच्या वर खर्च करायचा नाही. पगार, गाडी, घर, जे काही द्याल ते सगळं त्या मर्यादेत बसलं पाहिजे. श्रीमंतांनी सगळे चांगले गडी उचलून नेऊ नयेत म्हणून केलेला हा नियम. आमच्यासारखे क्लब जगले ते त्याच नियमावर. म्हणून त्याच नियमाखाली आमच्याविरुद्ध तक्रार आली तेव्हा माझ्या मनाला फार लागलं.

तक्रार होती ती आमच्या एका खेळाडूबद्दल. इसिकेली रावोवो, गावाच्या तोंडी नुसता केली, हा फिजीहून आलेला, डाव्या कडेनं पळणारा, त्या वर्षी रेषेपलीकडे चेंडू टेकवून सगळ्यात जास्त ट्राय त्याच्याच नावावर. तो दोन वर्षं मेव्हिस ओल्डरॉयडच्या घरी राहत होता. राहणं, जेवण, कपडे, सगळं फुकट. ब्रॅकनशॉचं म्हणणं असं की ही मेव्हिस क्लबचीच बाई, तेव्हा हा क्लबनं दिलेला चोरटा पगार आहे. तो धरला की आमचा खर्च मर्यादेच्या वर जात होता. मर्यादेखाली आमचे जेमतेम नऊशे पौंड शिल्लक होते. आरोप सिद्ध झाला असता तर दोन गुण गेले असते, आणि आमच्या जागी ब्रॅकनशॉ.

मी पत्र घेऊन मेव्हिसकडे गेलो. शाळेत ती माझ्या एक वर्ष पुढे होती आणि सत्तरी गाठली तरी मला तशीच वागवायची.

“क्लबाची बाई म्हणजे काय रे?” तिनं विचारलं.

“तू जर्सी धुतेस ना एकोणीस वर्षं, म्हणून.”

“मग चर्चचे पडदेपण मीच धुते. मी काय पाद्री झाले?”

“मेव्हिस, चेष्टा नको. तो तुला भाडं देतो का?”

“नाही.”

“क्लबमधलं कोणी गुपचूप काही देतं का?”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर खाली घातली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी आर्थर बसला होता, तिचा नवरा. एके काळचा आमचा कर्णधार, सव्वासहा फुटी गडी, सामन्यानंतर दोन्ही संघांचे लोक त्याच्या बाजूनं जरा अंतर राखून चालायचे. दोन वर्षांत तो घराबाहेर पडला नव्हता. खाणीच्या धुळीनं छाती गेली, असं मेव्हिस सांगायची आणि आम्ही ते मानलं होतं. आम्ही रस्त्यानं जाताना तो खिडकीतून हात करायचा, आपणही करायचा.

“काय रे क्लिफर्ड, काय भानगड?” त्यानं आतून विचारलं.

“काही नाही, आर्थर. कागदपत्रं.”

“भाडं नाही तर मग का ठेवलंस त्याला?” मी हळूच मेव्हिसला विचारलं.

“फेब्रुवारीत आला तेव्हा क्लबाच्या धुलाईच्या खोलीत कपडे वाळवायच्या यंत्राला पाठ लावून बसला होता. दात वाजत होते. घरी घेऊन आले, जेवू घातलं. मग राहिला.” एवढंच बोलून ती कपबशा गोळा करायला लागली. आणखी काहीतरी आहे असं मला तेव्हाच वाटलं, पण मेव्हिसकडून ते उकरून काढणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

सुनावणी लीड्सला होती, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण त्यात दोन माणसं पोट आत घेऊनच मावत. समोर तिघांचं मंडळ आणि मध्ये अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश हॅलम बाई, बारीक, पांढऱ्या केसांच्या, ऐकताना डोळे मिटणाऱ्या. एका बाजूला क्राउदर आणि त्याचा वकील. दुसऱ्या बाजूला आमचा प्रशिक्षक, मी, केली आणि मेव्हिस. मेव्हिसनं लग्नकार्यातली निळी टोपी घातली होती.

आमच्याकडे वकील नव्हता. मी होतो.

वकील गोड बोलणारा होता. “ओल्डरॉयड बाई, तुमच्याकडच्या राहण्या-जेवणाची किंमत आम्ही आठवड्याला पंचेचाळीस पौंड धरली आहे. बरोबर आहे ना?”

मेव्हिस उभी राहिली. “पंचेचाळीस?”

“जास्त वाटते का?”

“जास्त? अहो, रविवारचं बीफ धरलंत का? माझं यॉर्कशायर पुडिंग धरलंत? रोज स्वच्छ चादर धरलीत? पंचेचाळीस पौंडांत तुमच्या ब्रॅकनशॉला कुत्रं तरी कोणी ठेवून घेईल का?”

वकिलाचे डोळे चमकले. “म्हणजे किंमत जास्त धरायला हवी?”

मी टेबलाखालून तिच्या बुटावर पाय दिला. “पाय काढ, क्लिफर्ड,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. हॅलम बाईंनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

मग वकील मुद्द्यावर आला. “इतकं सगळं तुम्ही दोन वर्षं फुकट दिलंत. तुम्ही धनवान नाही. तुमच्या यजमानांची खाणीची पेन्शन आहे, तेवढीच. मग बदल्यात तुम्हाला काय मिळतं?”

मेव्हिसनं केलीकडे पाहिलं. केलीनं तिच्याकडे पाहिलं.

“ते माझ्या घरातलं आहे,” ती म्हणाली. “घरातच राहील.”

केलीला विचारलं तर तो उभा राहून म्हणाला, “ही माझी बुबू आहे. आमच्याकडे आजीला बुबू म्हणतात. आजीच्या घरी भाडं देत नाहीत.”

“पण त्या तुमच्या आजी नाहीत.”

“आता आहे,” केली म्हणाला आणि बसला. सहा फुटांचा तो गडी, पण आवाज कसा अगदी मऊ.

वकील हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. जेवणाची सुट्टी झाली तेव्हा आम्ही हरल्यात जमा होतो.

मी मेव्हिसला जिन्यात गाठलं. “काहीतरी आहे, मेव्हिस. तू सांगत नाहीयेस.”

“सांगता येत नाही. शब्द दिलाय.”

“कोणाला? इकडे गाव बुडतंय आणि तू शब्द धरून बसलीस!”

“शब्द असाच असतो, क्लिफर्ड. सोयीचा असेल तेव्हा पाळायचा असं नसतं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला रडताना याआधी पाहिलं नव्हतं, खाणीच्या संपातसुद्धा नाही.

मला काही सुचेना. मी खाली जाऊन आर्थरला फोन लावला. यायला उशीर होईल आणि लक्षण काही बरं नाही, एवढंच कळवायचं होतं.

“ती काय म्हणाली?” त्यानं विचारलं.

“काही नाही. शब्द दिलाय म्हणते. कोणाला तेही सांगत नाही.”

 “मंडळ परत किती वाजता बसणार?” त्यानं विचारलं.

“दोनला.”

त्यानं फोन ठेवून दिला.

दोनला पाच मिनिटं असताना आमच्या गावच्या खाटकाची व्हॅन इमारतीच्या दाराशी उभी राहिली. खाटीक उतरला, पोस्टमन उतरला, आणि दोघांनी मिळून आर्थर ओल्डरॉयडला खाली उतरवून दाराशेजारच्या बाकावर बसवलं. अंगात सूट, गळ्यात क्लबचा टाय. उजवा पाय बाकावरून नुसता लोंबत होता, त्यात जीवच नव्हता. मी बघतच राहिलो. दोन वर्षं ज्याला मी खिडकीतून हात करत होतो, त्याचा पाय मला दिसलाच नव्हता.

मेव्हिस धावत आली. “आर्थर! अरे, हे काय करतोस?”

“तू शब्द पाळलास,” आर्थर म्हणाला. “तो दिला होता मला. आता मी मोडतो. माझाच आहे.” मग केलीकडे वळून म्हणाला, “उचल, पोरा.”

“इथे, कॅप्टन?”

“इथेच. वर तिसरा मजला ना? चल.”

केली वाकला, एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, आणि आर्थरला उचलून जिना चढायला लागला. किती सवयीचं होतं ते! आर्थरचा हात आपोआप त्याच्या मानेमागे गेला. जेवून परत येणारी ब्रॅकनशॉची माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली. क्राउदरही त्यात होता. त्यानं डोक्यावरची हॅट काढली. आम्ही सगळे मागून चढलो.

वर केलीनं त्याला खुर्चीत बसवलं, टाय सरळ केला आणि मागे उभा राहिला.

“बाईसाहेब,” आर्थर हॅलम बाईंना म्हणाला, “मी आर्थर ओल्डरॉयड. अकरा वर्षं हॅगस्वर्थकडून खेळलो, सहा वर्षं कर्णधार. मला कोणी खाली पाडलं तर तो घरी जाऊन फुशारकीनं सांगायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि ही उजवी बाजू गेली. आमच्या घरात न्हाणीघर वर आहे. हा पोरगा पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा मी एका हातावर सरपटत जिना चढत होतो. ह्यानं काही विचारलं नाही, उचललं आणि वर नेलं. तेव्हापासून रोज नेतो. आंघोळ घालतो. दाढी करतो. सराव कितीही वाजता संपो, आधी माझ्याकडे येतो.”

तो दम घ्यायला थांबला. मेव्हिसनं पाणी पुढे केलं, ते त्यानं बाजूला सारलं.

“मीच दोघांकडून शब्द घेतला होता. आर्थर ओल्डरॉयडला लेकरासारखं उचलून नेतात हे गावाला कळता कामा नये. लाज वाटत होती मला. आज इथे बायको माझी लाज झाकत बसली आणि क्लब जातोय, हे कळलं तेव्हा त्याहून मोठी लाज वाटली. तर हे असं आहे. आता काय किंमत लावायची ती लावा.”

वकील घसा खाकरत उठला. “महोदया, ह्या सेवेचं मूल्य वेगळं काढून...”

“खाली बसा,” क्राउदर त्याला म्हणाला. मग स्वतः उभा राहिला. “बाईसाहेब, आमची तक्रार आम्ही मागे घेतो.”

माझा जीव भांड्यात पडला. पण मेव्हिस ताडकन उठली.

“मुळीच नाही! मागे घ्यायची नाही. आज मागे घ्याल आणि उद्या लोक म्हणतील, हॅगस्वर्थवाले दयेवर सुटले. आम्ही चोरी केली की नाही, त्याचा निकाल लागू दे.”

“मेव्हिस,” मी कळवळून म्हणालो.

“गप बस, क्लिफर्ड.”

हॅलम बाईंनी आता दोन्ही डोळे उघडले होते. त्यांनी केलीला चार-पाच प्रश्न विचारले: किती वाजता उठवतोस, परगावी सामना असला की कोण बघतं, क्लबनं तुला हे करायला सांगितलं का. केली म्हणाला, “क्लबला माहीतच नव्हतं.” मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं, आणि सांगताना माझा मलाच राग आला. चाळीस वर्षांची मैत्री, आणि मला कळू नये!

तासाभरानं निकाल आला. घरमालकीण आणि राहणारा माणूस यांच्यात सेवेच्या बदल्यात सेवा असा व्यवहार आहे, क्लबचा त्यात काडीचा संबंध नाही, गुण जसेच्या तसे राहतील. खेळाडूचा राहण्याचा पत्ता लीगला न कळवल्याबद्दल सचिवाला, म्हणजे मला, लेखी ताकीद. ती ताकीद मी फ्रेम करून कार्यालयात लावली आहे.

बाहेर पडताना क्राउदर आर्थरपाशी थांबला. “लहानपणी मी तुम्हाला शिव्या घालायला मैदानावर यायचो,” तो म्हणाला.

“मोठ्यानं घालत होतास का?” आर्थरनं विचारलं.

“घसा बसायचा.”

“मग ठीक आहे,” आर्थर म्हणाला आणि डावा हात पुढे केला.

पुढच्या शनिवारी बाद फेरीचा सामना होता, परगावी. गावातून नऊ बस निघाल्या. पहिल्या बसमध्ये पुढच्या बाकावर आर्थर. तिथे पोचल्यावर सामन्याच्या आधी केली आमच्या जर्सीत बाहेर आला, आर्थरला बसमधून उचललं आणि आमच्या लोकांमधून वाट काढत त्याच्या जागेवर नेलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाप्ये बाजूला होत होते आणि “काय कर्णधार!” “बरं झालं आलास, आर्थर,” असं म्हणत होते. आर्थर मान ताठ ठेवून दोन्ही बाजूंना बघत होता. मेव्हिस मागून त्याचं पांघरूण आणि चहाचा थर्मास घेऊन चालत होती, टोपी तीच निळी. तिची चाल बघून कोणालाही वाटलं असतं, चषक हीच घेऊन निघाली आहे.

सामना आम्ही चार गुणांनी हरलो. शेवटच्या मिनिटाला समोर रिकामं मैदान असताना केलीच्या हातून चेंडू निसटला. तो पोरगा मान खाली घालून आला, काही न बोलता आर्थरला उचललं आणि बसकडे निघाला.

“काय रे,” आर्थर त्याच्या हातांवरून म्हणाला, “मी सोळा स्टोन वजनाचा. मला दोन वर्षांत एकदाही पाडलं नाहीस, आणि एवढासा चेंडू धरता येत नाही?”

“चेंडू ओला होता, कॅप्टन.”

“मीपण न्हाणीघरात ओलाच असतो!”

आसपासची माणसं हसायला लागली, मग केलीही. आर्थर मात्र हसला नाही. चेंडू कसा छातीशी धरायचा, कोपर कुठे ठेवायचं, हे तो बसच्या दारापर्यंत खणखणीत आवाजात त्याला समजावत राहिला, आणि हरलेलं अख्खं गाव ते ऐकत त्याच्या मागून चाललं होतं.