टेकवलेली करंगळी

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे, पण जुनी म्हणून मला लगेच बिचारी समजू नका. मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या पोटाची फळी तासून तासून पातळ केली. तारा चढवल्या त्या दिवशी तो एकच शब्द म्हणाला, "बोलकी आहे." तो शब्द मी आजवर जपून ठेवला आहे.

मग मामांनी मला विकत घेतलं. मामा हौशी. त्यांना एकच धून येत होती, तीही एकाच तारेवरची. ते मला मांडीवर घेत आणि पाहुणे घड्याळाकडे बघू लागत. तरी ते मला रोज मायेने पुसत, म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही. पुढे कामाचा व्याप वाढला आणि माझी रवानगी कपाटावर झाली, रिकाम्या बॅगांच्या शेजारी. धुळीचं काही वाटत नसे. कोणी हात लावत नाही, याचं मात्र फार वाईट वाटायचं.

तिथून मला खाली काढलं ते मामांच्या धाकट्या भाचीने. घरात तिला छोटी म्हणतात. मामांनी मला तिच्या हवाली केलं, वर शिकवणीही दिली. "करंगळी गिटारवर घट्ट टेकव. हात हलता कामा नये." छोटीने ते शिरसावंद्य मानलं, आणि हात खरंच हलेना.

त्या दिवसांत छोटीची ताई तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली होती. रविवारी ती खूप दूर परत जाणार होती. पुन्हा कधी येणं होईल, हे तिलाही ठाऊक नव्हतं. लहानपणी दोघी मिळून एक गाणं म्हणत. निघण्याआधी ताईने ते गावं आणि आपण साथ करावी, एवढीच छोटीची इच्छा होती.

अडलं ते दोन कडव्यांमधल्या धावत्या तुकड्यावर. तो जाड तारेवरून पातळ तारेपर्यंत जाऊन परत येतो. छोटीचा डावा हात वेळेवर पोहोचे, उजवा मागे राही. तारा छेडायची हातातली नखी कधी मधल्या तारेत अडके, कधी भलत्याच तारेवर पडे.

"तो तुकडा सोड गं. तिथे मी गुणगुणेन," ताई प्रेमाने म्हणाली.

"बरं," म्हणून छोटीने मला भिंतीला टेकवलं. दुखणं कुठे आहे ते मला कळत होतं. करंगळी माझ्या अंगात रुतली होती, आणि सगळा हात दाव्याला बांधलेल्या शेळीसारखा तिथल्या तिथे फिरत होता. पण वाजवल्याशिवाय बोलायची मला सोय नाही.

दुपारी बाळ झोपलं होतं. आवाज नको म्हणून छोटीने बाळाचा मोजा माझ्या तारांखाली कोंबला. अपमान मी गिळला. सूरच उमटेनात, तेव्हा डाव्या हाताला काम उरलं नाही. उजव्याचं टक टक तेवढं ऐकू येत होतं. एका तारेवर ते सरळ चाले, तार बदलली की लंगडे. छोटीने प्रथमच खाली वाकून त्या हाताकडे पाहिलं आणि करंगळी उचलली.

आधी हात भांबावला. मग तिने कोपराखालचा हात माझ्या कडेवर हलका ठेवला आणि तार बदलताना सगळा पंजा नखीसकट थोडा थोडा सरकवला. आधी शेजारच्या दोन तारा, सावकाश. मग मधली एक वगळून.

"अगं, हा तर सरकतोय," ती पुटपुटली.

मामा डोकावले. "करंगळी कुठे गेली?"

"सुटीवर आहे, मामा."

मामा हसले. "खरंय. मला तरी कुठे दुसऱ्या तारेवर जायचं होतं?"

रविवारी दाराशी बॅगा भरून तयार होत्या. बाळाला खांद्यावर घेऊन ताई गायली. पहिलं कडवं संपलं आणि ठरल्याप्रमाणे ती गुणगुणू लागली. तेवढ्यात छोटीचा हात निघाला. एकेका तारेला भेटत खाली गेला आणि तसाच परत आला. ताईचं गुणगुणणं थांबलं. पुढच्या कडव्याची जागा आली आणि निघूनही गेली.

"गा ना, ताई."

"थांब. तो तुकडा परत वाजव."

छोटीने तो परत वाजवला, आणि पुन्हा एकदा वाजवला. बाहेर मोटार ताटकळत होती, म्हणून दुसरं कडवं राहूनच गेलं. ते पुढच्या वेळी, असं दोघींनी दारातच ठरवलं.

मित्रांनो, वाद्य पुसा, त्याच्या तारा बदला. आणि हात अडला, तर त्याच्यावर रागावू नका. तो कुठे अडकलाय ते आधी शोधा. आमची छोटी आता रोज सराव करते, कारण पुढच्या वेळी दुसऱ्या कडव्याची जागा चुकवणार नाही, असं ताई म्हणाली आहे.