करपलेल्या भातावरचं हसू

"गुन्हा म्हणजे गुन्हा. त्यात भूत कशाला, आणि ते भूत विनोद कशाला करतंय?" असं म्हणून साहेबांनी मावशींच्या आठही प्रसंगांवर काट मारली, तेव्हा लेखिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

डबिंगचा स्टुडिओ होता तो, आणि साहेब त्याचे प्रमुख. कोरियन मालिकांचे संवाद लेखिका मराठीत आणायची, ओठांच्या हालचालीशी जुळवायची, आणि कलाकार काचेपलीकडे उभे राहून ते बोलायचे. ही मालिका खुनांची. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरला त्याची मेलेली आई दिसते, आणि ती प्रेताशेजारी उभी राहून त्याला विचारते, जेवलास का. त्या आईचा आवाज मावशींचा. सगळ्या स्टुडिओच्याच त्या मावशी. बावीस वर्षं त्यांनी गर्दीतले आवाज दिले होते. 'पकडा त्याला', 'अगंबाई, रक्त', बस्स, एवढंच. आख्खी भूमिका जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, आणि हा माणूस भाग छोटे करायच्या नावाखाली तीच उडवायला निघाला होता.

"प्रेक्षक गोंधळतो," साहेब म्हणाले.

"गोंधळायलाच बसतो तो," लेखिका उसळली. "पुढच्या मिनिटाला हसायचंय की दचकायचंय हे कळत नाही, म्हणून तर जागचा हलत नाही. माझे वडील गेले त्या दिवशी काका दवाखान्यात भलत्याच खाटेशी बसून तासभर रडले. शेवटी त्या पेशंटनेच उठून त्यांना पाणी दिलं. आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसताच आई कोसळली. हे कुठल्या खणात टाकाल तुम्ही?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. काट तशीच राहिली.

मावशींनी कागदांची नीट घडी घातली, चष्मा डबीत ठेवला. "असू दे गं," म्हणाल्या, "गर्दीतली माणसं माझ्या ओळखीचीच आहेत." त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या शहाण्यासारख्या वागण्याने लेखिका आणखीनच पेटली आणि चार दिवस कुणाशी धड बोलली नाही.

आता गंमत अशी, की शेवट फुटू नये म्हणून शेवटचा भाग कोरियन कंपनी सगळ्यांत उशिरा पाठवायची. म्हणजे खुनी कोण हे स्टुडिओत कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवट बघितल्याशिवाय कात्री उचलू नये एवढी अक्कल हवी, पण साहेबांना कात्रीची भारी हौस.

शुक्रवारी तो भाग आला. सोमवारी मालिका लागणार होती. खुनी निघाला शेजारचा गोड बोलणारा गृहस्थ. तिसऱ्या भागात तो करपलेला भात मिटक्या मारत खातो, आणि मेलेली आई खो खो हसते, "याला वास येतो की नाही?" स्टुडिओतही सगळे हसले होते. येतच नसतो त्याला वास. पहिला खून ज्या आगीत झाला, त्याच आगीच्या धुराने त्याचं नाक गेलेलं असतं. आईचं ते हसणं आठवतं आणि इन्स्पेक्टर बेड्या घेऊन निघतो. आपल्या मराठीत मात्र आईच गायब. उठला, सुटला आणि शेजाऱ्याला धरला, असा सगळा प्रकार.

साहेबांचा चेहरा उतरला. "मावशींकडून तेवढं हसणं घ्या. दहा मिनिटांचं काम आहे."

"आई येईल तर पूर्ण येईल," लेखिका म्हणाली. "आठही प्रसंग. नाहीतर हा भाग तुम्हीच लिहा."

साहेबांनी सोमवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले. मग म्हणाले, "बोलवा."

मावशी आल्या. सात प्रसंग त्यांनी एका दमात केले. आठवा प्रसंग म्हणजे करपलेल्या भातावरचं ते हसणं, ते काही केल्या येईना. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा कोरडं.

"मावशी, जरा मनापासून," साहेब काचेअलीकडून माइकवर म्हणाले.

मावशींनी कानावरचे हेडफोन नीट बसवले. "साहेब, माइक घेऊन जरा काचेशी या. हां, असे समोर. आता म्हणा, गुन्ह्यात भूत कशाला."

लेखिकेने मान खाली घातली. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुटपुटत का होईना, म्हटलं.

मावशी हसल्या. बावीस वर्षांचं साठलेलं सगळं त्या हसण्यात उतरलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण आवाज जरासुद्धा हलला नाही. साहेब काचेशी तसेच उभे राहिले, कारण हसणं अजून संपलं नव्हतं, आणि ते हलले असते तर हसणं तुटून पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं असतं.