एकोणीस हिरवे खडे

गिरीराजअण्णा आषाढात गेले. पण तूर्त ते गेलेले नाहीत असंच धरून चालू, कारण बंगळुरूत के. आर. पुरमच्या कल्याणमंटपात, म्हणजे लग्नाच्या हॉलात, ते रांगेत तिसरे उभे आहेत आणि यकृतानंदस्वामींना मेलेली माणसं चालत नाहीत.

समोर बरणीत हिरवे खडे. गर्दी बरणीला नमस्कार करत होती.

"आतडं धुवा, यकृत हसेल!" स्वामी माइकवर गरजले. "तेल, लिंबू, तीर्थ! वर सात दिवस विभूतीची पुडी. कॅन्सर खडा होऊन पडेल!"

"यकृत हसतं कुठून गं?" अण्णांनी बायकोला विचारलं.

"स्वल्प गप्प बसा आणि प्या," शिवलीलाअक्का म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी एकोणीस खडे पडले. अक्कांनी ते धुऊन, डब्यात घालून चिकपेटेतल्या आपल्या साड्यांच्या दुकानात ठेवले. गिऱ्हाइकं साडीआधी अण्णांचा कॅन्सर बघायची. इस्पितळातल्या इंजेक्शनांनी आखडलेली यकृतातली गाठ मात्र महिन्याभरात पुन्हा वाढली.

एके दिवशी एका बाईंनी विचारलं, "रेशीम खरं कशावरून?"

अक्कांनी रिवाजाप्रमाणे पदराचं सूत काढून जाळलं. जळक्या केसांचा वास आला. खरं.

"आणि हा खडा?"

तीस वर्षांत अक्कांनी न जाळता रेशीम विकलं नव्हतं. त्यांनी खडा चिमट्यात धरला, काडी ओढली. कॅन्सर वितळला. शिळ्या भज्यांच्या तेलाचा वास सुटला. अक्कांनी डबा, पुडीत उरलेली विभूती आणि अण्णांना घेऊन इस्पितळ गाठलं.

"तेल, लिंबू आणि तीर्थातलं जुलाबाचं मीठ," डॉक्टर मनस्विनी म्हणाल्या. "पोटात साबणासारखे गोळे होतात. पित्ताने हिरवे."

"आणि पुडी?"

"तपासून घेतली. अँटिबायोटिक. शिबिरात हगवण पसरून बोभाटा होऊ नये म्हणून. अक्का, आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. तिथले काही जिवाणू कॅन्सरला खतपाणी घालतात, काही आमच्या इंजेक्शनला हात देतात. पुडीने सरसकट मारले. गाठ त्यामुळेच वाढली, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण मग औषध बरेचदा कमी लागू पडतं."

"मी पाजलं," अक्का म्हणाल्या.

"मी प्यालो," अण्णा म्हणाले. "सरी, झालं ते झालं. कागद घे."

स्वामी बरणीसकट महादेवपुऱ्याला गेले होते. तिथल्या मंडपाच्या दारात अक्का आजही चिमटा घेऊन उभ्या राहतात. "साडी घेताना सूत जाळून बघता ना? मग स्वामींच्या हाती जीव देण्याआधी एक काडी ओढा. डॉक्टरांना न विचारता पुडी घेऊ नका."

पर्समध्ये अण्णांनी जाण्याआधी खाटेवरून सांगून लिहवलेला कागद असतो:

"मा. आतड्यातील जिवाणू यांस. आपणांस चौकशीविना कामावरून कमी करण्यात आले, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. तरी पुढील इंजेक्शनापूर्वी आपण पूर्वपदावर रुजू व्हावे, ही नम्र विनंती. अर्जदाराच्या पत्नीचा यात दोष नाही, अशी नोंद व्हावी."