तिसरा सिग्नल

शत्रू होण्याचा पगार सरकार मला गेली कित्येक वर्षं देत आहे. झाशीहून मऊरानीपुरच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की एक खडकाळ माळ लागतो. तिथं आमची बंद गाडी उभी असते. टपावर अँटेना आणि आत मी. परक्या देशाचं रडार आकाशात जे सिग्नल सोडेल, हुबेहूब तसेच सिग्नल ही गाडी सोडते. वरून हेलिकॉप्टर जातं. त्यात बसवलेल्या डब्यानं सिग्नल ओळखायचा, वैमानिकाच्या कानात टीं-टीं करायचं आणि पडद्यावर दिशा दाखवायची, एवढीच त्या डब्याची परीक्षा. झाशीत मी राहते त्या मानिक चौकातल्या बायकांना वाटतं मी हवामान खात्यात आहे. वाटू दे.

आमचे सिग्नल तीन. पहिला शोधणाऱ्या रडारचा, दुसरा सापडलेल्याला धरून ठेवणाऱ्याचा आणि तिसरा क्षेपणास्त्राला वाट दाखवणाऱ्याचा. पहिले दोन हुकले तर एक वेळ निभावतं. तिसरा वाजला की वैमानिकानं त्याच क्षणी वळायचं, खाली घुसायचं, विचार नंतर करायचा.

आणि आमच्याकडे एक पद्धत होती. मी सिग्नल सोडण्याआधी रेडिओवर बसणारा विश्वंभर मोठ्यानं सांगायचा, "अब पहला." वरून उत्तर यायचं, "दिखा." मग "अब दूसरा," पुन्हा "दिखा." उड्डाण महाग, घोळ नको, म्हणून कोणे एके काळी कुणीतरी ही शिस्त लावली आणि पुढच्यांनी ती डोळे मिटून पाळली. परीक्षकानं उत्तर फळ्यावर लिहून मग प्रश्न विचारावा, तसला प्रकार. मीही त्यात इतकी मुरले होते की मलाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

या खेपेला हेलिकॉप्टर घेऊन आलेल्या तुकडीत माझी भाची होती. वसुंधरा, माझ्या धाकट्या भावाची, जनार्दनची, एकुलती एक मुलगी. तिची आई लवकर गेली, तेव्हापासून तिच्या वेण्या मी घातल्या, तापात उशाशी मी बसले. मराठी तिला सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच निघते. तिचं नाव पाहून मी आमच्या संचालकांना, त्रिपाठीजींना सांगितलं, की नात्यातली मुलगी आहे, चालेल ना? ते हसले. "अरे, ये तो घर की बात है."

चाचण्या संपत आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. सकाळी गाडी तपासताना सिग्नल बाहेर पडू नये म्हणून तो आम्ही एका लोखंडी पेटीत जिरवतो. तिला डमी लोड म्हणतात. सगळी ताकद तिच्यातच उष्णता होऊन संपते. तपासणी झाली की खटका फिरवायचा, मग सिग्नल अँटेनाकडे जातो. त्या दिवशीचं उड्डाण आटोपल्यावर मी सामान आवरताना त्या पेटीला माझा हात लागला आणि चटका बसला. पेटी चांगलीच तापलेली होती. खटका उघडून पाहिला, तर तिसऱ्या सिग्नलचा खटका आत अडकलेला. बाहेरचा काटा अँटेना दाखवत होता आणि सिग्नल जात होता पेटीत. म्हणजे तिसरा सिग्नल त्या दिवशी गाडीबाहेर पडलाच नव्हता.

आणि रेडिओवर वसूचा आवाज मी स्वतः ऐकला होता. "दिखा. दाहिनी तरफ से."

संध्याकाळी ती घरी जेवायला आली. जनार्दन बाहेरच्या खोलीत शेजाऱ्यांना तिच्या बढाया ऐकवत होता. मी स्वयंपाकघरात थालीपीठ थापत होते. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"वसू, आज तिसरा दिसला तुला?"

"दिखा ना. बोला तो था."

"तो गाडीतून बाहेरच आला नाही."

तिनं उचललेला थालीपिठाचा तुकडा परत ताटलीत ठेवला आणि दार लोटून घेतलं.

"आत्या, तीसरा कभी बजता ही नहीं."

"कधीच नाही?"

"पहले दिन से. साथ उड़ रहे हमारे मेजर साहब ने 'दिखा' बोल दिया, तो मुझे लगा मेरा ही हेडसेट खराब है. फिर मेरी बारी आई. सबको दिख रहा है और मुझे अकेली को नहीं, ऐसा कैसे बोलती? बाद में पता चला, साहब को भी नहीं दिखा था. उन्हें लगा, उनसे पहलेवालों को दिखा होगा."

"आणि दिशा? दाहिनी तरफ?"

"गाड़ी तो रोज़ वहीं खड़ी रहती है, आत्या."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तव्यावरचं थालीपीठ करपलं तरी मला कळलं नाही. "आणि हाच डबा घेऊन तू डोंगरात जाणार?" कारण तिची बदली झालेली होती. चाचणी संपली की उत्तरेच्या सरहद्दीवर. तिथं समोर परक्यांचं रडार खरं असतं.

"मग लिहून दे," मी म्हटलं.

"क्या लिखूँ? कि हम सब झूठ बोले? मेजर साहब तो गए काम से. और मैं भी. इतनी मुश्किल से उड़ना मिला है, आत्या." तिचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटत होती आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही.

बाहेरून जनार्दन ओरडला, "अगं ताई, कसली खलबतं चाललीत? पायलटसाहेबांना जेवायला वाढा की!"

दुसऱ्या दिवशी मी त्रिपाठीजींसमोर जाऊन बसले. माणूस वाईट नव्हे. त्यांनी चहा मागवला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वसूनं जे सांगितलं ते मी तिचं नाव न घेता सांगितलं, पेटीचंही सांगितलं. ते म्हणाले, "सुहासिनी जी, उस दिन आपका सिग्नल निकला ही नहीं, ये आप ख़ुद कह रही हैं. तो बाकी दिन निकला था, ये कौन मानेगा?"

"मी सांगते ना."

"आप तो लड़की की बुआ हैं."

 हातात होता तो एकच पुरावा, आणि तो डब्याऐवजी माझ्याच गाडीला आरोपी करत होता. नातं मीच मोठ्या प्रामाणिकपणे सांगून ठेवलं होतं. डब्याच्या आतली नोंद तरी मागवा म्हटलं, तर डबा बनवणारे ती घेऊन गेलेले. त्यांच्याकडचा माणूस फोनवर म्हणाला, सगळं उत्तम आहे. "एक पायलट ला दीजिए जो लिखकर दे दे," त्रिपाठीजी म्हणाले, "मैं आज ही रोक दूँगा." आणि मला पक्कं ठाऊक होतं की तसा एकही पायलट मला मिळणार नाही.

शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक होतं. तंबू उभारला, खुर्च्यांवर पांढरे कपडे चढले, समोशांचा वास गाडीपर्यंत येत होता. खटका मी बदलून घेतला होता. पेटी गार होती आणि अँटेनासमोर उभ्या केलेल्या मीटरच्या काट्यावरून बाहेर काय जातं ते मला दिसत होतं. पहिला झाला, दुसरा झाला, रीतसर "दिखा" आलं. वसूचं हेलिकॉप्टर माळावरून संथ येत होतं. विश्वंभरनं माइककडे तोंड नेण्याआधीच मी तिसरा सोडला.

काटा उसळला. सिग्नल बाहेर पडला होता, थेट तिच्यावर. हेलिकॉप्टर सरळ येत राहिलं. ना वळलं, ना खाली गेलं. वारा खायला निघाल्यासारखं आरामात येत होतं. "वळ वसू," मी म्हटलं. मग मोठ्यानं म्हटलं, "वळ ना गं!" बंद गाडीत माझाच आवाज माझ्या कानावर आदळला. मी तिचा शत्रू होते, ती माझ्या मुठीत होती आणि मी तिला सोडवू शकत नव्हते. खरं क्षेपणास्त्र असतं तर एव्हाना पोचलं असतं.

विश्वंभरला सिग्नल चालू असल्याचा गाडीतला लाल दिवा दिसला. मी घाई केली असं त्याला वाटलं आणि माझी चूक झाकायला तो बिचारा माइकवर झुकला. "अब तीसरा."

"दिखा," वसूचा आवाज त्याच श्वासात आला. "दाहिनी तरफ से."

आणि हेलिकॉप्टर असं झोकात वळलं, असं सुरेख खाली घुसलं, की तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. मी गाडीतून उतरून त्रिपाठीजींना गाठलं. म्हटलं, मी आधीच सोडला होता, विश्वंभर सांगेपर्यंत ती वळली नाही, तुम्ही पाहिलंत ना? त्यांनी पाहुण्यांकडे पाहून हात जोडले आणि मला हळूच म्हणाले, "आज तो बहुत बढ़िया रहा, सुहासिनी जी. अब इसे मत छेड़िए."

वसू हेल्मेट काखेत घेऊन माझ्याकडे आली. तिला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं.

"आज पहले ही छोड़ दिया था ना आपने?"

"हो."

"देर तक?"

"पुरेसा वेळ."

ती माळाकडे बघत उभी राहिली. मग माझ्याशी जी ती फारशी कधी बोलत नाही त्या मराठीत, शब्द शोधत म्हणाली, "आत्या, पण मला कोणी सांगितलंच नव्हतं ना."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. सोमवारी ती त्याच डब्यासकट उत्तरेला गेली.