भरल्या गाडीचं गेट

"आठे उघडस, तठे अडकस! गेट शे का रुसेल नवरी?"

नवसाबाईचा असा आवाज आला की मी आधी चहाचं पातेलं गॅसवरून खाली घेते. भांडनाकडं बघत बसलं की चहा उतू जातो, आन् मी काई न बघता ऱ्हानारी बाई नाय. माझी टपरी ओझरच्या पुढं, हायवेच्या कडंला. टपरीला लागून शहजादचं वेल्डिंगचं दुकान. मधी एक निंबाचं झाड हाय, त्याची सावली सकाळी माझ्याकडं आन् दुपार कलली की त्याच्याकडं.

नवसाबाई सटाण्याकडची, बोली अहिरानी; आठे म्हंजे इथं, तठे म्हंजे तिथं. शेळ्या-बोकडांचा धंदा. धंदा तसा नवऱ्याचा, पन हिच्यापुढं त्या बापड्याला बोलायला जागाच उरत नाय, म्हनून तो घरी शेळ्या सांभाळतो आन् ही बाजार करती. पोरगा धनराज पिकअप चालवतो. आज घोटी, उद्या दुसरा बाजार, असं त्यांचं चाक फिरतंच असतं.

आधी तिच्या गाडीला साधा फाळका व्हता, मागं खाली पडनारा. पन बाजारात गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या असतात, फाळका पाडायला जागा कुठली? एकदा कुनाच्या तरी धक्क्यानं फाळका सुटला आन् एका गाभन शेळीचे मागचे दोन्ही पाय गेले. नवसाबाई त्या दिवशी आपलं मानूस गेल्यागत रडली. तवापासून तिनं धोसरा धरला, की मला बाजूला सरकनारं गेट पाहिजे, पडनारं नको.

शहजादनं ते अंगावर घेतलं. सातपूरला कंपनीत व्हता तो, मशीनपुढं उभं ऱ्हाऊन तोच पत्रा, तेच भोक, सकाळपासून सांजंपातुर. एक दिवस सोडून आला. "काकू, डब्यात कोंडल्यागत व्हत व्हतं," म्हनला. इथं दुकान टाकलं, पन खिडकीच्या जाळ्या आन् मोडक्या नांगराचे फाळ ह्याच्यापल्याड काम येईना. आता तिथल्याच ठेकेदाराचा फोन आलेला, सोमवारी येतो का सांग, जागा हाय. शहजाद घरात बोलून बसला, नवसामावशीचं गेट चाललं तर बाजारातल्या समद्या गाड्या माझ्या दारात येतील, मी ऱ्हाईन. नाय चाललं तर सोमवारी सातपूर. तरन्नुमचा, त्याच्या बायकोचा, जीव त्या गेटात अडकला. मला म्हनली, "काकू, तिथं ते माझ्याशी बोलायचेसुदिक नाय. येऊन भिंतीकडं तोंड करून निजायचे."

तर हे तिसरं गेट व्हतं. पयल्या दोन्हींचा तमाशा गावानं बघितलेला. शहजाद गेट इथं बसवायचा, बोटानं सरकवून दाखवायचा, लोण्यागत सरकायचं. बाजारात गेलं की अडकायचं. नवसाबाई घरी जाऊन शेळ्या उतरवायची, गाडी धुवायची आन् भांडायला यायची. गाडी मिस्तरीकडं न्यायची तर रिकामी करून, धुऊन न्यायची, ही आमच्याकडची रीतच हाय. शेनामुतानं भरलेली गाडी कुनाच्या दारात लावायची म्हंजे त्याचा अपमान. आन् धुतलेली गाडी आली, की शहजाद बोट लावायचा आन् गेट उघडायचं.

"बघा मावशी, काय झालंय त्याला?"

"आठे उघडस! तठे येऊन बघ!"

"तुम्ही पहार घालता, म्हनून वाकतं."

"उघडत नाय म्हनून पहार घालते रे बाबा!"

मग नाथा बोलायचा. नाथाला काम नाय, धंदा नाय, माझ्या बाकड्यावर बसून जगाचा न्याय करतो. "नाचता येईना, आंगन वाकडं," म्हनायचा. मंडळी फिदीफिदी हसायची. मीबी हसायचे, खोटं कशाला बोलू?

पन त्या दिवशी नवसाबाईनं रीत मोडली. बाजारात तिसरं गेटबी उघडलंच नाय. गिऱ्हाइकं जाळीतून बोकडं बघून निघून गेली. ती तशीच, कोंबून भरलेली गाडी घेऊन थेट शहजादच्या दारात. वैशाखाचं ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत व्हतं. गाडीतून शेनाचा भपकारा, बोकडांचं बेंबटनं, आन् वर नवसाबाई. नाथानं नाक दाबलं.

"आता उघड! लाव बोट!"

शहजादनं बोट लावलं, मग हात लावला, मग खांदा. गेट ढिम्म. त्याचं तोंड उतरलेलं मी पयल्यांदा बघितलं. धनराजनं पहार घातली, दोघांनी जोर केला, तवा कुठं हातभर फट पडली. शहजाद अंगानं काडी. आतून बघतो म्हनला आन् फटीतून शिरला. तेवढ्यात एक दांडगं बोकड फटीकडं घुसलं. समोर हायवे, ट्रक धाडधाड चाललेले. बोकड सुटलं असतं तर एकामागं एक समदीच सुटली असती. शहजादनं आतून गेट वढलं, धाडकन लागलं, आन् बसलं.

"हां, आता उघडा बाहेरनं," तो आतून म्हनला.

धनराजनं वढलं. मी वढलं. नाथानं हात लावल्यागत केलं. गेट काई हालंना.

"पहार घाला."

पहार घातली तर पहारच वाकली. वर जाळी, ती शहजादनंच वेल्डिंग केलेली. जाळी बसवताना छाती ठोकून म्हनला व्हता, सात जल्म निघायची नाय. आता ते खरंच झालं. कटरनं कापावं तर आत वाळलेला भुसा, एक ठिनगी पडली की शहजाद आन् बोकडं एकदमच भाजली असती.

"शहजाद, बाबा, दम धर," मी म्हनलं.

"दमच धरवत नाय काकू. हवा कुठंय इथं?"

आता त्याला कळाया लागलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पत्रा तव्यावानी तापलेला. बोकडं त्याच्या अंगावर चढत व्हती, त्याला गेटावर दाबत व्हती. जाळीतून नुसता त्याचा एक डोळा आन् अर्धं तोंड दिसत व्हतं, घामानं निथळलेलं. हात सारखा गेटाच्या आतल्या अंगाला चाचपत व्हता. तरन्नुम घरातून धावत आली, डोक्यावरची ओढनी रस्त्यात पडलेली, तिला भान नाय.

"या अल्ला! अहो! अहो, बाहेर या ना!"

"बाहेर या म्हनतेस? मला काय आत ऱ्हायची हौस हाय का?" असं तो वराडला, आन् लगेच आवाज खाली करून म्हनला, "रडू नको. पानी दे जाळीतून."

मी तांब्या उचलला, जाळीतून पानी वतलं. अर्धं त्याच्या तोंडात, अर्धं बोकडांवर. नाथा म्हनला, "गेटवालाच गेटात अडकला." कुनी हसलं नाय. मी त्याच्याकडं असं बघितलं, की तो उठून जरा लांब जाऊन उभा ऱ्हायला.

मग आत एक शेळी बसली. बसली म्हंजे कोसळलीच, जीभ बाहेर. "मावशी, हिचं काई खरं नाय," शहजाद आतून म्हनला, "बाकीची तुडवतील हिला." नवसाबाईचं भांडन कुठल्या कुठं गेलं. लेकराला 'आले, आले' म्हनावं तशी ती बोलाया लागली, "थांब माय, थांब, उनू मी, उनू." हायवेच्या कडंला सुबाभळ व्हती, तिच्या फांद्या तिनं हातानं मोडल्या, गाडीच्या बोनटवर चढली, आन् क्याबिनच्या बाजूनं जाळीत पाला खुपसून आपल्या नेहमीच्या हाकेनं बोलवाया लागली, "हुर्र ये, ये, ये, ये!" तिच्या मनात एवढंच, की बोकडं पुढं यावी आन् त्या शेळीला आन् शहजादला मोकळं व्हावं.

पाला दिसला तशी समदी बोकडं पुढं धावली. गाडी जरा हालली, मागचं अंग कुरकुरत वर आलं. शहजाद गेटाला पाठ लावून उभा व्हता. गेट आपसूक सरकलं, लोण्यागत, आन् तो उताना पडता पडता वाचला.

तरन्नुमनं त्याचा हात धरला. त्यानं ती शेळी उचलून आधी धनराजच्या हातात दिली. मी म्हनलं, सुटला गं बाई. तर तो बाहेर येईना. गेटाकडं बघत उभा. मग काय वाटलं कुनास ठाऊक, आत सरकला आन् गेट लावून घेतलं.

"येडा झाला का काय रं?" मी वराडले.

"मावशी!" तो आतून वरडला, "पाला मागं आना! माझ्याकडं!"

"काय?"

"मागं आना म्हनतो ना!"

नवसाबाई फांदी घेऊन मागं आली. बोकडं मागं. शहजादनं गेट वढलं, अडकलं. "आता पुढं न्या!" ती पुढं पळाली. बोकडं पुढं, गेट सरकलं. "मागं!" अडकलं. "पुढं!" सरकलं. भर उन्हात ती बाई गाडीभोवती फेऱ्या मारती, आन् आत हा मानूस बोकडांच्या गराड्यात हसतोय. तरन्नुम माझ्या गळ्यात पडून रडत व्हती, मला वाटलं खरंच डोक्यात ऊन गेलं त्याच्या.

बाहेर आला तवा अंगाला शेन, मुत, केस. निंबाखाली बसला आन् म्हनला, "काकू, बाजंवर मानूस बसला की काय व्हतं?"

"काय व्हायचंय? बाज मधी बसती."

"तसंच हाय. गाडी भरली, बोकडं मागं दाटली, की गाडीचं मागचं अंग बसतं. अंग बसलं की चौकट तिरकी व्हती आन् गेट आवळलं जातं. मी मापं घेतली रिकाम्या गाडीची. धुतलेल्या, रिकाम्या. तीनदा! आन् मावशी गाडी आनायच्या तीबी रिकामी." मग नवसाबाईकडं बघून हात जोडले. "तुम्ही खरं बोलत व्हत्या मावशी. इथं उघडत व्हतं, तिथं अडकत व्हतं."

नवसाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मंग आते?"

"आता भरल्या गाडीची मापं घ्यायची. पन बोकडं उभी करून वेल्डिंग करता येत नाय. पोती भरून उपेग नाय, पोती हालत नाय." असं म्हनून त्यानं माझ्या बाकड्याकडं बघितलं. नाथा, नाथाच्या शेजारची मंडळी, मी. एकेकाकडं बघितलं. "तुम्ही हालता," म्हनला.

अशी वरात निघाली आमची. ज्यांनी ज्यांनी दात काढले व्हते, त्यांना त्यानं त्या पिकअपमधी भरलं. मागं सरका, पुढं सरका, नाथा तू कोपऱ्यात. खडूनं खुना करायचा, मान हलवायचा, परत सरका म्हनायचा. मग दोन दिस दुकानात ठकाठक. पयलं म्हंजे, गेट जिच्यात सरकायचं ती खालची पट्टी काढून टाकली, शेन अडकायला जागाच नको म्हनून. गेट वरून टांगलं, चाकावर, आन् खाली मोकळं सोडलं. चौकटीत ढील ठेवली, गाडी बसली तरी गेटाला कळू नये एवढी.

रविवारी परत बोलावलं. दुसऱ्या दिवशी सोमवार. तरन्नुमनं सकाळपासून पान्याचा घोटबी घेतला नव्हता. आम्ही समदे आत चढलो, खच्चून, वरून नवसाबाईबी चढली, माझी मी बघनार म्हनून. शहजादनं बाहेरून गेट सरकवलं, लागलं. कडीबी लागली. आन् हा मानूस जाऊन माझ्या टपरीत माझ्याच स्टुलावर बसला आन् माझ्याच किटलीतला चहा वतून घेतला.

"उघड की रं!" नाथा म्हनला.

तो चहा पितोय.

आत असं व्हाया लागलं, की सांगू नये. खाली तापलेला पत्रा, वर ऊन. नाथाचं कोपर माझ्या बरगडीत, कुनाचा तरी पाय माझ्या पायावर. श्वास घ्यावा तर दुसऱ्यानं सोडलेला. मला त्या शेळीची बाहेर आलेली जीभ आठवली. खरं सांगते, मी भ्याले. नाथा तर गेटावर बुक्क्या मारत व्हता.

"शहजाद! ए शहजाद! मस्करी पुरे आता!"

"वरडता कशाला?" तो म्हनला. "बोकडंबी एवढी वरडली नव्हती."

मी पडू नये म्हनून आधाराला गेटावर हात टेकवला. हाताला काईतरी लागलं, कमरेच्या उंचीवर, गुळगुळीत दांडा. मी तो वर उचलून फिरवला, बोकडाला शिंगानं जमायचं नाय असा. कडी सुटली. वढलं, आन् समदं वझं आत असताना, समदे मागं दाटलेले असताना, गेट एका हातानं सरकलं.

वारं आलं अंगावर.

शहजाद कप ठेवून पुढं आला. "काकू, मी आत व्हतो तवा माझा हात सारखा तिथंच जात व्हता," तो म्हनला. "तिथं काईच नव्हतं."

सोमवारी सातपूरचा फोन आला. तो दुकानात व्हता, मी ऐकत व्हते, ऐकनारच ना. "साहेब," तो म्हनला, "आता नाय जमायचं. दारात गाड्या उभ्या हायेत." दारात तवा एकबी गाडी नव्हती. तरन्नुमनं तोंडावर ओढनी दाबली, पन तिचे खांदे हसत व्हते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी नवसाबाईची पिकअप आली, भरलेली, शेनासकट. मागं अजून दोन अनोळखी गाड्या, त्याबी भरलेल्या. ती उतरली, पदर खोचला, पाय आपटत गेटाकडं गेली. उघडलं. लावलं. परत उघडलं. मग कमरेवर हात ठेवून उभी ऱ्हायली, आन् तिचं तोंड असं पडलं, जनू तिचं काई हरवलंय.

"आठे बी उघडस, तठे बी उघडस," ती म्हनली. "आते मी भांडू कोनासंगे?"

मी पातेलं खाली घेतलं नाय. चहा चांगला उकळू दिला.