कोरं लोखंड

चर्चमध्ये वेल्डरच्या पुढच्याच बाकावर मास्तरीणबाई बसायच्या. उपासनेत सगळे एकमेकांचा हात हाती घेत, तेव्हा त्या मागे वळून म्हणायच्या, "प्रभूची शांती असो, भाऊ." हात थंडगार. वेल्डर आपला हात पटकन सोडवून घ्यायचा.

बाईंचे यजमान, म्हणजे मास्तर, आठ महिन्यांपूर्वी इमारतीच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडून वारले. कठडा निखळला होता. लोक म्हणाले, गंजला असेल, म्हाताऱ्याला भोवळ आली असेल. पण कठडा वेल्डरनेच बसवलेला, दोनच वर्षांपूर्वी. घाईत होता. खालच्या सांध्यांना पुरता जोड न देता नुसते तात्पुरते टाके मारले, उद्या पुरं करू म्हणत वर रंग फासला, आणि तो उद्या काही उगवलाच नाही.

शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. तेव्हापासून मास्तरांनी त्याची पाठ सोडली नाही. भर दुपारी मशीन बंद केलं, की मास्तरांसारखं काठी टेकत कुणीतरी जिना चढताना ऐकू यायचं. टक. टक. तीन मजले झाले की थांबायचं. त्याच्या दुकानाला जिनाच नव्हता.

"तुला ऐकू येतं का काही?" त्याने बायकोला विचारलं.

"तुमच्या पोटातले कावळे ऐकू येतात. जेवा आधी."

एका रविवारी पाळक सगळ्यांसमोर म्हणाले, "काम हीच प्रार्थना, हे या आपल्या वेल्डरभाऊंकडे बघून कळतं." त्याला बसवेना. दुपारी तो बाईंच्या दारात उभा राहिला.

"बाई, तो कठडा... नुसते टाके होते. माझ्या हातचे."

बाईंनी त्याला आत घेऊन बसवलं. मग म्हणाल्या, "माहीत आहे. तुटलेली टोकं पाहिली होती मी. रंगाखाली लोखंड कोरं होतं."

"मग दर रविवारी हात का देत होतात?"

"शांती नुसती तोंडाने म्हणत होते. मनात काही उमटत नव्हतं. वाट बघत होते, तुम्ही कधी बोलता त्याची."

"मला माफ करा."

"आज जमणार नाही. असे टाके आणखी कुठे मारलेत?"

त्याने आठवून सांगितलं, "सात ठिकाणी."

"मग उठा. मास्तर काही परत येत नाहीत, पण त्या जिन्यांवरून माणसं चढताहेत."

पुढच्या रविवारी त्याने उभं राहून सगळं सांगितलं. पोलिसांत जबाब दिला. काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. चर्चला येणारा एक रंगारी मात्र शिडी घेऊन आला. रोज एकेक सांधा पुरा व्हायचा. रंग लागण्याआधी बाई स्वतः कठड्यावर सगळा भार टाकून बघायच्या.

तिसऱ्या इमारतीत काठीचा आवाज आला. वेल्डरचा हात थबकला. त्याने बाईंकडे पाहिलं, तर त्याही जिन्याकडेच बघत होत्या. वर येणाऱ्याला वाट द्यावी तशा त्या भिंतीला टेकल्या.

पाच कठडे झाले आणि खटला उभा राहिला. "गुन्हा कबूल आहे," तो म्हणाला. दीड वर्षाची शिक्षा झाली. उरलेले दोन कठडे रंगाऱ्याने दुसरा वेल्डर गाठून पुरे करून घेतले. बाई तिथेही गेल्या.

माफीचं त्यांनी अजून काही कळवलेलं नाही. पण बुधवारी त्या त्याच्या बायकोकडे जातात. दोघी एकत्र जेवतात, आणि भांडी घासून झाल्यावर बाई घरी परततात.