कठड्याची कसून तपासणी

माणसाने माणसावर विश्वास ठेवावा, या मताचा मी आहे. तरी जिन्याचा कठडा करणाऱ्या मिस्त्रींकडे जाताना मी खिशात चुंबक ठेवलं होतं.

आई गेल्या वर्षी आमच्या जिन्यावरून पडली. आता ती पुन्हा राहायला येणार होती, म्हणून तिचा सगळा भार पेलेल असा कठडा हवा होता. बायकोला लाकडी हवा होता. पण सुतार आणि वाळवी यांचं आतून साटंलोटं असतं, असा माझा दाट संशय. शेवटी स्टील ठरलं.

मिस्त्रींनी नमुन्याची नळी पुढे केली. चुंबक चिकटलं नाही, म्हणजे स्टील चांगलं. पण मिस्त्री हसले, तिथे माझ्या मनात पाल चुकचुकली.

"नमुना चांगला आहे हो, पण बसवाल तोही हाच कशावरून?"

"साहेब, रोज येऊन चुंबक लावा. वर चहा पाजतो."

मी खरंच रोज गेलो. प्रत्येक नळी तपासली, प्रत्येक जोड ठोकून पाहिला. चहाही जपूनच प्यायलो.

"अहो, इतकी चौकशी माझ्या बाबांनी तुमचीसुद्धा केली नव्हती," बायको म्हणाली.

"तिथेच चुकलं त्यांचं."

कठडा बसला. मी त्याला लोंबकळून पाहिलं, तसूभरही हलला नाही. मग आई आली. तिने कठड्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"फार गार लागतं रे हे."

ती भिंतीला धरून वर गेली.